पायऱ्यांनी चढून, रोपवेने उतरून: सहा जणांची रायगडवारी

रायगडावर जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न एकच येतो, पायऱ्या की रोपवे? आमच्याकडेही तोच आला. सहा जण होतो. सर्वांत धाकटा अकरा वर्षांचा, सर्वांत मोठे बाबा, चौऱ्याहत्तर. आईचे गुडघे दुखरे. त्यामुळे सगळ्यांनी रोपवेने जाऊन रोपवेने यायचं, असं जवळपास ठरलंच होतं. शेवटी उलट केलं. चौघे पायऱ्यांनी चढलो, आई-बाबा रोपवेने आले, वर भेटलो, आणि उतरताना ज्याच्या पायांनी जे कबूल केलं ते केलं. ही जुळवाजुळव कशी केली आणि कुठे अडलो, ते वेळेसकट लिहून ठेवतो. घरात वेगवेगळ्या वयाची माणसं असतील तर उपयोग होईल.

तारीख निवडण्यातच अर्धं काम होतं. पावसाळा सोडूनच द्या. जुलै २०२४ मध्ये गडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे वाहत होते आणि माणसं अडकली होती. जोराचा पाऊस असला की प्रशासन वाट बंदही करतं. ६ जूनला तारखेप्रमाणे आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीप्रमाणे राज्याभिषेकदिन असतो. चैत्र पौर्णिमेला महाराजांची पुण्यतिथी. हे तीन दिवस सोहळा अनुभवायला जरूर जा, पण गड पाहायला जाऊ नका. मार्चनंतर कातळ तापतो. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यात डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, लाल एसट्यांच्या रांगा लागतात. शनिवार-रविवार टाळून आम्ही गुरुवार, ११ डिसेंबर २०२५ घेतला. सहली तरीही होत्याच. त्यांचं पुढे येईल.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. रायगड त्यातला एक.

तिकिटाचं आधी उरकून घ्यावं. गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. भारतीयांना प्रवेश २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर २० रुपये, आणि १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट. फायदा पाच रुपयांचा नाही, खिडकीची वाट पाहावी लागत नाही हा आहे. अर्ज भरताना तारीख, प्रत्येकाचं नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक विचारतात, म्हणून सगळ्यांची आधारकार्डं आधीच समोर घेऊन बसा. आमचं पहिल्या वेळी पैसे कापले जाऊन तिकीट आलं नाही. घाईने दुसऱ्यांदा काढू नये, थोडं थांबावं. वीस मिनिटांनी तिकीट मेलमध्ये आलं. क्यूआर कोड दिसेल असा फोटो फोनच्या गॅलरीत ठेवा, कारण गडाच्या पायथ्याच्या पाचाड गावाच्या पुढे नेटवर्क येतं-जातं. मुलाच्या वयाचा पुरावा म्हणून त्याचं आधार बरोबर असू द्या.

बुधवारी दुपारी एकला पुण्याहून निघालो. ताम्हिणी घाट, निजामपूर आणि तिथून पाचाड. चहापाण्याचे थांबे धरून साडेपाच तास लागले. भोर-वरंध घाटाने महाडला उतरूनही येता येतं, पण तो घाट दुरुस्तीसाठी किंवा पावसात बंद असतो, निघण्यापूर्वी चौकशी करावी. मुंबईकरांना महाड किंवा माणगाव सोयीचं. रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेचं वीर स्थानक महाडला जवळ आहे. महाडहून पाचाडकडे एसटी आहे, मात्र फेऱ्या मोजक्या. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून ठेवावी.

आदल्या रात्री पाचाडात मुक्काम केला, हा आमचा सर्वांत शहाणा निर्णय. पुण्याहून पहाटे निघून पायथ्याला दहाला पोहोचणारी माणसं उन्हात चढतात, चढून दमतात आणि वर गेल्यावर समाधीचं दर्शन घेऊन परत फिरतात. पायऱ्यांची वाट गडाच्या पश्चिम अंगाला आहे. सूर्य डोंगरामागून येतो, त्यामुळे सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत तिथे सावली असते. आमची सगळी आखणी या एका गोष्टीवर होती.

मुक्काम एका घरगुती ठिकाणी, माणशी ७०० रुपये, त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळचे पोहे. मावशींनी जेवण वाढताना विचारलं, "म्हाताऱ्या माणसांना पायऱ्यांनी नेताय का?" नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी सकाळी ६:५० ला चित् दरवाजापाशी. तिकिटाची खिडकी उघडली नव्हती, ऑनलाइन तिकीट होतं म्हणून अडलं नाही. आई-बाबा पाचाडातच थांबले. चालक त्यांना नंतर हिरकणीवाडीला, रोपवेच्या पायथ्याशी, नेणार होता. दोन्ही पायथे वेगळे आहेत हे नीट लक्षात घ्या. आमच्यासारखे दोन गट केले तर गाडी कुठे उभी राहणार आणि उतरणारे कुठे उतरणार, हे वर फोन लागेल या भरवशावर ठेवू नका. आम्ही कागदावर लिहून चालकाकडे दिलं होतं: साडेनऊला गडावरचा गंगासागर तलाव, दीडला वरचाच होळीचा माळ, उतरल्यावर सगळे हिरकणीवाडीला.

चित् दरवाजा नावालाच आहे, कमान शिल्लक नाही. सुरुवातीलाच खुबलढा बुरूज लागतो. त्याच्या माऱ्याखालून गेल्याशिवाय वर जाताच येत नव्हतं, हे तिथे उभं राहिलं की कळतं. पायऱ्या चौदाशेच्या पुढे आहेत. आकड्याने घाबरायचं कारण नाही, त्रास उंचीच्या फरकाने होतो. एक पायरी वीतभर, पुढची गुडघ्याला येणारी, मग दोन-तीन सपाट पावलं, पुन्हा तीव्र चढ. श्वास एका तालात बसत नाही. आमचा हिशोब साधा होता, साठ-सत्तर पायऱ्या, मग उभ्यानेच एक मिनिट. बसायचं फक्त पंधरा-वीस मिनिटांनी एकदा. सारखं बसलं की पोटऱ्या आखडतात. पोराने पहिल्या दहा मिनिटांत पळत जाऊन दम घालवला, मग निमूट तालावर आला.

पाणी माणशी एक लिटर पुरलं. वाटेत ताक, लिंबू सरबत, कोकम सरबत घेऊन स्थानिक बायका बसतात, पण साडेसातच्या आधी कोणी नव्हतं. पहिलं ताक मिळालं तेव्हा आठ वाजले होते, वीस रुपये पेला. सुटे पैसे ठेवा. यूपीआयचा फलक असतो, नेटवर्क असेलच असं नाही.

नाणे दरवाजा आताच्या पायऱ्यांच्या वाटेवर येत नाही, खालच्या अंगाला राहतो. नाना दरवाजाही म्हणतात. मे १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन या बाजूने वर गेला होता. मुद्दाम वाकडी वाट करायला आमच्याकडे वेळ नव्हता.

सव्वाआठला मदारमोर्चा. जरा सपाटी, एक थडगं, पहाऱ्याच्या इमारतींचे अवशेष आणि एक तोफ. इथे दहा मिनिटं घ्या, कारण पुढचा टप्पा दमवतो. इथून वर पाहिलं तर तटबंदी दिसते, बुरूज दिसतात, दरवाजा मात्र दिसत नाही. पायऱ्या तटाच्या अगदी पायाशी येतात, वळतात, आणि दोन बुरुजांच्या बगलेत महादरवाजा एकदम समोर येतो. एक बुरूज सुमारे ७५ फुटी, दुसरा ६५ फुटी. शत्रू दारापाशी पोहोचेपर्यंत त्याला दार दिसायचं नाही. पोहोचला तरी हत्तीला धडक मारायला धाव घेण्याइतकी मोकळी जागा नाही, आणि दोन्ही बुरुजांवरून तो माऱ्यात. तटातल्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, बाहेरच्या बाजूला उतरत्या आहेत. आतून त्यातून पाहा, नेमका आपण चढून आलेला पायऱ्यांचा तुकडा दिसतो. आठ पन्नासला आम्ही दारात होतो, म्हणजे चढायला दोन तास. सरावाची माणसं सव्वा-दीड तासात येतात. घाई नको असेल तर अडीच धरा.

दारावर दोन्ही अंगांना कमळं कोरलेली आहेत, आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. इथे बसून केळी आणि चिक्की खाल्ली. साली पिशवीत घालून परत आणल्या. वरचा कचरा खाली कोणीतरी पाठीवरून आणतं, हे चढताना भेटलेल्या एका गोणीवाल्या काकांकडून कळलं.

महादरवाजा म्हणजे माथा, असा समज घेऊन येऊ नका. अजून वीस-पंचवीस मिनिटांचा चढ आहे, आणि मनाने "पोहोचलो" म्हटलेलं असल्याने तोच जड जातो. मग हत्ती तलाव येतो. हा पूर्वी गळायचा, अलीकडच्या दुरुस्तीनंतर पाणी धरू लागला आहे. पुढे थोड्याच अंतरावर गंगासागर. राज्याभिषेकाला आणलेली तीर्थं यात सोडली म्हणून हे नाव, असं सांगतात. पलीकडे दोन मनोरे उभे, बारा कोनी, एकेकाळी पाच मजली म्हणतात. गंगासागराच्या काठावरून पाण्यात त्यांची पडछाया बघायची तर सकाळीच, वारा सुटला की मोडते.

आई-बाबा साडेनऊला भेटायचे होते. आले दहाला पाच कमी असताना. पहिल्या दोन फेऱ्यांत एका शाळेची मुलं गेली, म्हणून पाऊण तास थांबावं लागलं. प्रवास स्वतः चार-पाच मिनिटांचा. आईला उंचीची भीती वाटते, तिने पाळण्यात तोंड डोंगराकडे करून बसायची युक्ती काढली. ज्येष्ठांसाठी महत्त्वाचं: रोपवेने वर उतरलं म्हणजे पायऱ्या संपल्या असं नाही. स्थानकापासून मेणा दरवाजाकडे थोडा चढ आहे, आणि वरच्या सगळ्या वास्तूंमध्ये उंच जोती, उंबरे, चढउतार आहेत. काठी बरोबर ठेवावी. चाकाच्या खुर्चीने माथा फिरणं अवघड आहे. वर दिवसभरात तीन-चार किलोमीटर चालणं होतंच.

आता माझं ठाम मत. रोपवे मेणा दरवाजाकडे सोडतो. तो राणीवशाच्या बाजूचा दरवाजा. म्हणजे पाहुणा थेट माजघरात शिरतो, नंतर दिवाणखाना पाहतो आणि वेस, ओटी, अंगण पाहायचं राहूनच जातं. गडाची रचना माणसाला पायरीपायरीने आत घेण्याची आहे: खुबलढा, महादरवाजा, तलाव, मनोरे, पालखी दरवाजा, मग सदर. तो क्रम मोडला की उरतात ती नुसती जोती. ज्यांना चढणं शक्य नाही त्यांनी निदान वर आल्यावर गंगासागरापर्यंत खाली यावं आणि पालखी दरवाजाने पुन्हा आत जावं. आई-बाबांनी तेच केलं. पालखी दरवाजाला ३१ पायऱ्या आहेत. आईला सात मिनिटं लागली, पण सदर पाहताना ती म्हणाली, "आत्ता आल्यासारखं वाटतंय."

वाटाड्या घ्यावा का? घ्यावा. होळीच्या माळाजवळ आणि रोपवेच्या बाजूला पायथ्याच्या वाड्यांतली माणसं असतात. पैसे, वेळ आणि कुठे कुठे नेणार हे आधी ठरवा. आम्ही दोन तासांचे ८०० रुपये ठरवले, जगदीश्वर आणि समाधीसकट. बरेच जण सदर आणि बाजारपेठ दाखवून "पुढे सरळ जा" म्हणतात, म्हणून हे आधीच बोलून घ्यायचं. आख्यायिका आणि इतिहास ते एकाच सुरात सांगतात. ऐकायला गोड असतं, पण मूल बरोबर असेल तर "याचा कागद आहे, ही गोष्ट आहे" एवढं आपण सांगत जावं.

राणीवशाची जोती, राजवाड्याचा चौथरा, जमिनीखालची रत्नशाळा, मग राजसदर. बाबांनी विचारलं तो प्रश्न सगळ्यांनाच पडतो: भिंती कुठे गेल्या? वरचं काम लाकडी होतं. १८१८ मध्ये इंग्रजांनी शेजारच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि गडावर गोळे टाकले. आग लागली, वाडे जळाले, आणि १० मे १८१८ ला गड त्यांच्या हाती गेला. पोटला कुठला ते वाटाड्याला दाखवायला सांगा. तो इतका जवळ दिसतो की मग वेगळं काही सांगावं लागत नाही. त्या आधी १६८९ मध्ये मोगलांनी गड घेतला होता, तो मराठ्यांकडे परत यायला १७३३ उजाडलं.

सदर पूर्वाभिमुख आहे. सिंहासनाच्या जागी आता मेघडंबरी, म्हणजे छत्री, आणि महाराजांची मूर्ती. ६ जून १६७४ ला इथे राज्याभिषेक झाला. समोर नगारखाना, मध्ये दोनशे फुटांच्या आसपास अंतर. नगारखान्याच्या दारात हळू बोललेलं सिंहासनापाशी ऐकू येतं, याचा प्रयोग प्रत्येक गट करतो आणि एकाच वेळी चार गट करायला लागले की कोणालाच काही ऐकू येत नाही. आम्ही एक सहल बाहेर पडून दुसरी येण्याच्या मधल्या दोन मिनिटांत साधलं. पोराने दारात उभं राहून कागद फाडला, आवाज स्वच्छ आला. चपला काढून पुढे जावं लागतं आणि दगड बारानंतर चटके देतो. पायात मोजे असतील तर बरं.

नगारखान्यातून बाहेर होळीचा माळ. डाव्या हाताला गडदेवता शिर्काईचं छोटं देऊळ. पुढे बाजारपेठ, मध्ये चाळीस फुटी रस्ता, दोन्ही बाजूंना बावीस-बावीस गाळ्यांची उंच जोती. घोड्यावर बसून खरेदी व्हायची, असं प्रत्येक वाटाड्या सांगतो. कारण काही असो, जोत्याची उंची घोडेस्वाराला सोयीची आहे खरी. ज्येष्ठांना इथे जोत्यावर बसवा, वारा चांगला लागतो.

बाजारपेठेपासून जगदीश्वराला चालत पंधरा-वीस मिनिटं, वाटेत उतार आणि पुन्हा चढ. आईला अर्धा तास लागला. सावली जवळपास नाही, टोपी किंवा उपरणं हवंच. या देवळाला घाईघाईत हात जोडून पुढे जाऊ नका. भिंतीत संस्कृत शिलालेख आहे. त्यात जगदीश्वराच्या प्रासादाबरोबर विहिरी, तळी, बागा, स्तंभ, गजशाळा, राजवाडे यांची नावं येतात, म्हणजे आपण सकाळपासून जी जोती पाहत आलो त्यांची यादीच. हे सगळं "हीराजिना निर्मितो", हिरोजीने उभारलं. शक "षण्णवबाणभूमि" असा शब्दांत आहे. षण् म्हणजे सहा, नव म्हणजे नऊ, बाण पाच, भूमि एक. असे आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे: १५९६. राज्याभिषेकाचाच शक. पोराला हे कोडं फार आवडलं, पुढे दिवसभर तो घरातल्यांची वयं याच पद्धतीने सांगत होता.

आणि पायरीचा दगड. "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर". कोणी इंदुलकर वाचतात. दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाची पायधूळ पडावी म्हणून नाव पायरीवर, असं सांगतात. गर्दीत त्यावर पाय देऊन लोक आत जातात आणि बाहेर आल्यावर विचारतात, तो दगड कुठे आहे? आधी पायाशी पाहा.

देवळाच्या पूर्व दाराबाहेर समाधी. महाराजांचं देहावसान ३ एप्रिल १६८० ला गडावरच झालं. पुढे गड परक्यांकडे गेल्यावर ही जागा झाडोऱ्यात हरवल्यासारखी झाली होती. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी इथे येऊन ती शोधून स्वच्छ केली. आजचं वरचं बांधकाम विसाव्या शतकातलं. आम्ही पोहोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. साठ-सत्तर शाळकरी मुलं ओळीने बसली होती आणि त्यांचे गुरुजी काहीच बोलत नव्हते. कोणी घोषणा दिली नाही. दोन-तीन मिनिटं नुसता वारा. बाबा टोपी हातात घेऊन उभे राहिले ते आम्ही हाक मारेपर्यंत.

परत येताना आई-बाबा थेट होळीच्या माळावर गेले, आम्ही चौघे टकमक टोकाला. बाजारपेठेच्या टोकाकडून उतरत वाट जाते. शेवटी कडा चिंचोळा होतो, दोन्हीकडे खोल दरी. कठडे आहेत. वारा दुपारी वाढतो, टोपी, चष्मा, फोन सांभाळा, मुलाचा हात सोडू नका आणि कठड्याला टेकून फोटो काढू नका. जाऊन-येऊन पन्नास मिनिटं लागली. कड्यांवर आग्या मोहोळ असतं, उग्र अत्तर नको, धूर तर नाहीच. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. बरोबरच्या एका गटाला रखवालदाराने तो पेटीतून काढायच्या आतच परत ठेवायला लावला.

जेवण होळीच्या माळाजवळच्या एका झोपडीत. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, कांदा, ताटाला १२० रुपये. ऑर्डर दिल्यावर भाकऱ्या थापतात, अर्धा तास लागतो. म्हणून टकमकला जाण्याआधीच सांगून ठेवा. आम्ही सांगितलं नव्हतं.

दोन वाजता उतरायचा बेत झाला. माझ्या गुडघ्यांना चढ कधी बोलत नाही, उतार बोलतो. बहुतेकांचं असंच असतं. चढताना दम लागतो तो बसल्यावर जातो, पण उंच पायऱ्यांवरून उतरताना प्रत्येक पावलाचा धक्का गुडघ्यावर येतो आणि तो दुसऱ्या दिवशी वसूल होतो. तरी मी आणि भाऊ पायऱ्यांनी निघालो. पोरगा आणि त्याची आई यांनी वरच रोपवेचं एकेरी तिकीट काढलं. आई-बाबांचं येण्याजाण्याचं होतं. वरच्या स्थानकावर रांग मोठी, सहली याच वेळेला उतरतात. सव्वा तास थांबले. बसायला जागा आणि स्वच्छतागृह आहे, त्यामुळे त्रास झाला नाही. रोपवेनेच उतरायचं असेल तर बाराच्या आत किंवा शेवटच्या फेरीच्या बराच आधी, असा बेत करा. शेवटची फेरी किती वाजता हे सकाळीच खिडकीवर विचारून घ्या. वारा फार झाला की सेवा थांबवतात, तेव्हा चढताना पायऱ्या पाहिलेल्या असणं कामी येतं.

आम्ही दोघे तासा-सव्वा तासात चित् दरवाजाला. पाय आडवे टाकत, थोडं तिरकं उतरलं की गुडघ्याला कमी लागतं. बुटांचा तळ खाचांचा हवा, पायऱ्यांवर बारीक खडी असते, एकदा घसरलोच. नखं आदल्या दिवशी कापा. हसू नका, उतारात पायाची बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. चालक ठरल्याप्रमाणे हिरकणीवाडीला होता, म्हणून आम्ही डांबरी रस्त्याने चालत निघालो. वाटेत एका टेम्पोने सोडलं.

साडेतीनच्या पुढे सगळे एकत्र झालो. लगेच घाटाला न लागता पाचाडात थांबलो. जिजाऊंना गडावरची हवा मानवत नव्हती म्हणून महाराजांनी खाली वाडा बांधला. तटाच्या आतली जोती, विहीर, सगळं पंधरा मिनिटांत पाहून होतं. समाधी गावातच, वेगळ्या आवारात. राज्याभिषेक ६ जूनला, जिजाऊ गेल्या १७ जूनला. अकरा दिवस. वर सदरेवर उभं राहून हा आकडा नुसता आकडा असतो. बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत. आईने मात्र गडावरून आणलेलं बाजारपेठेतलं एक रानफूल तिथे ठेवलं.

साडेचारला निघालो. डिसेंबरात सहाच्या पुढे अंधार पडतो आणि ताम्हिणीत धुकं उतरतं. घाट उजेडात गाठायचा तर याहून लवकर निघावं. आम्हाला उशीरच झाला, शेवटचा तास सावकाश काढला, घरी पावणेदहा.

खर्च, सहा जणांचा: दोन दिवसांची भाड्याची गाडी चालकाच्या भत्त्यासकट ९,५०० रुपये. मुक्काम ४,२००. गडप्रवेश पाच तिकिटांचे १००. दोघांचा येण्याजाण्याचा आणि दोघांचा एकेरी रोपवे मिळून हजार-अकराशे, दर बदलतात, निघताना पाहून घ्या. वाटाड्या ८००. गडावरचं जेवण, ताक, सरबत मिळून ११०० च्या घरात.

राहून गेलं ते: नाणे दरवाजा, हिरकणी बुरूज, भवानी टोक, कुशावर्त तलाव आणि त्याच्या खालच्या अंगाचा वाघ दरवाजा. १६८९ मध्ये वेढा पडलेला असताना राजाराम महाराज त्या वाटेने निसटले आणि पुढे जिंजीला गेले, म्हणजे वारसा यादीतला तमिळनाडूतला एकमेव किल्ला या दरवाजाशी जोडलेला आहे. तिकडची वाट अवघड आहे, आई-बाबांना घेऊन जाण्याजोगी नाही. फेब्रुवारीत भाऊ आणि मी दोघेच जाणार आहोत, गडावर मुक्कामाची सोय कुठे होते याची चौकशी चालू आहे.